गाइड कोण, ते आधी सांगा

माझी बायको जुबेदा गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं दुकानात बसून एका मुलीचा पीएच.डी.चा प्रबंध शिवत होतो. चार प्रती होत्या. मी टोच्यानं भोकं पाडून गठ्ठा तिच्याकडे सरकवायचो, ती मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायची. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. मध्येच तिनं सुई माझ्यापुढे धरली.

"ओवा."

"तुझा चष्मा कुठाय?"

"घरी राहिला. नवरा आणलाय ना बरोबर."

मी ओवायला बसलो. मला सुई दिसली की दोरा दिसेना, दोरा दिसला की सुई. ती बघत होती. शेवटी म्हणाली, "राहू द्या. तुमच्यानं ओवून होईपर्यंत त्या पोरीच्या नातवंडांची पीएच.डी. होईल." माझ्या हातातनं घेतली आणि न बघता ओवली. मग चहा प्यालो, शटर ओढलं आणि वारज्याची बस धरली. तिला खिडकी हवी होती, ती मिळाली. एवढंच.

यात लिहिण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, आणि मी लिहायला बसलो की आधी हेच येतं. त्याला माझा इलाज नाही. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, दुकानात मराठी. इथं सगळं मराठीतच लिहितो.

मी शिकलो सातवीपर्यंत. आमचं बाइंडिंगचं दुकान रविवार पेठेतल्या एका बोळात आहे, वडिलांच्या हातचं. आधी कोर्टाची दप्तरं, दुकानदारांच्या वह्या, मशिदीतल्या जुन्या किताबा असलं काम यायचं. पुढे कॉलेजं वाढली आणि प्रबंध यायला लागले. प्रबंध म्हणजे पीएच.डी.साठी लिहिलेलं जाडजूड बाड. त्याला पुठ्ठा लावायचा, वरून काळं नाहीतर मरून रेक्झिन चढवायचं, आणि त्यावर पितळी अक्षरं तापवून सोनेरी छाप मारायचा. वर विषय, मध्ये विद्यार्थ्याचं नाव आणि खाली मार्गदर्शकाचं, म्हणजे गाइडचं.

प्रबंध घेऊन कोणी दारात आला की मी पहिला प्रश्न विचारायचो, "गाइड कोण, ते आधी सांगा." विद्यार्थ्यांना राग यायचा. पाच-सहा वर्षं मी घासली आणि हा गाइडचं नाव विचारतो! पण त्याला कारण होतं. विद्यार्थी एकदाच यायचा, गाइड पुन्हा पुन्हा. ज्यांचे विद्यार्थी वरचेवर यायचे त्यांच्या नावाची पितळी ओळ आम्ही मोडायचो नाही. दोऱ्यानं बांधून डब्यात ठेवायचो. पुढच्या वेळी अक्षरं जुळवायचा त्रास वाचायचा. डब्यात ओळ आहे म्हणजे माणूस चालता गाइड आहे, असा आमचा हिशेब.

आणि गाइड होणं सोपं नसतं. मला आधी वाटायचं, ज्याला येतं त्यानं शिकवावं. तसं नाही. आधी स्वतःची पीएच.डी. पाहिजे. कॉलेजात काही वर्षं पक्क्या नोकरीत शिकवलेलं पाहिजे. स्वतःचं संशोधन छापून आलेलं पाहिजे. मग विद्यापीठाची समिती बसणार, कागद तपासणार आणि मान्यतेचं पत्र देणार. पत्र मिळालं तरी संशोधन केंद्र पाहिजे, जिथं बसून हे सगळं करायचं. त्यात पुन्हा किती विद्यार्थी घ्यायचे ते ठरलेलं. रिक्षासारखं असतं बघा. रिक्षा तुमची, रस्ता मोकळा, पण तीन सीट म्हणजे तीन. चौथा पुढे बसवला की पावती.

शिवाय नात्यातला विद्यार्थी चालत नाही. यावरून एक गंमत आठवते. एक प्राध्यापक आले, बायकोचा प्रबंध घेऊन. गाइड म्हणून त्यांच्या जिवलग मित्राचं नाव. छापून दिलं. पुढे काही महिन्यांनी तो मित्र आला, त्याच्या बायकोचा प्रबंध घेऊन. गाइड कोण? तर हे पहिले प्राध्यापक! जुबेदाला आधीचं नाव आठवत होतं. तिनं पान बघितलं आणि त्या मित्राच्या तोंडावर विचारलं, "सर, हे साटंलोटं झालं की हो. आमच्यात बहिणी देतात, तुमच्यात बायका दिल्या." ते सर इतके हसले की खाली स्टुलावर बसले. म्हणाले, "वहिनी, हे बाहेर बोलू नका." ती कशाला गप्प बसतेय. सगळ्या बोळाला माहीत झालं.

दुसरे एक होते, त्यांचं म्हणणं, गाइडचं नाव विद्यार्थ्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात पाहिजे. मी म्हटलं, "सर, असं करू. प्रबंध तुमच्या नावानं देऊ आणि गाइड म्हणून या मुलाचं नाव टाकू." तो मुलगा भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. सर पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, पण त्यांचे विद्यार्थी यायचे. लपून.

गाइड निवृत्त झाला की नवे विद्यार्थी बंद. मग जुबेदा डब्यातली त्याची ओळ काढून मोडायची, कारण अक्षरं मोजकीच. एका मोठ्या नावातून दोन नव्या गाइडांची नावं निघायची. निवृत्त झालेले एक सर सहज आले आणि म्हणाले, माझी ओळ दाखवा बरं. आता काय दाखवणार? जुबेदानं चहा दिला आणि सांगितलं, "सर, तुम्ही आता सगळ्यांच्यात आहात. तुमचा 'र' इतिहासात गेलाय, 'ण' अर्थशास्त्रात." सरांनी दोन कप चहा घेतला. खूश होऊन गेले.

आता तिचं शेवटचं काम सांगतो. तो चार प्रतींचा प्रबंध.

वैशाली नावाची मुलगी. हिंजवडीच्या बाजूची, शेतकरी घरातली. जमीन कंपन्यांत गेली, भाऊ बिल्डरकीत शिरले, ही मात्र मराठी शिकली आणि कॉलेजात शिकवायला लागली. तिचा विषय ऐकून मी चाट पडलो. शेतांची नावं! तिच्या गावाकडे प्रत्येक तुकड्याला नाव होतं. चिंचेचा मळा, म्हातारीचं वावर, भांडणाची पट्टी. आता तिथं काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि नावं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात. ती म्हाताऱ्यांकडे बसून नावं गोळा करायची. म्हातारे मरायच्या आत काम उरकायचं होतं.

तिच्या गाइड लिमये बाई. सदाशिव पेठेतल्या, शिडशिडीत, बोलणं एकदम कमी आणि तेही टोचणारं. पण साडी खोचून चिखलातनं वैशालीबरोबर त्या गावांत हिंडल्या. तिथल्या एका म्हातारीनं त्यांना विचारलं होतं, "बाई, तुमची बी जमीन गेली का काय?" बाई म्हणाल्या, "नाही हो. मला नव्हतीच कधी." म्हातारी म्हणाली, "मंग बरं हाय. जायची भीती न्हाई." ही गोष्ट बाईंनी स्वतः दुकानात सांगितली. बाई सहसा काही सांगत नसत, म्हणून लक्षात राहिली.

आणि काम निम्म्याच्या पुढे गेलेलं असताना बाई निवृत्त झाल्या. तेवढ्यानं भागलं असतं, हातातले विद्यार्थी पुरे करायला सवलत मिळते म्हणतात. पण पाठोपाठ त्यांच्या कॉलेजचं संशोधन केंद्रच बंद झालं. मग वैशालीला पत्र आलं, की मान्यता असलेला दुसरा गाइड शोधा, नाहीतर नोंदणी रद्द.

कच्च्या प्रतीला स्पायरल लावायला ती दुकानात आली आणि रडायला लागली. फिरून फिरून दमली होती. ज्यांच्याकडे जावं त्यांच्या सीटा भरलेल्या.

जुबेदा म्हणाली, "अगं, गाइड मिळत नाही म्हणून कोणी रडतं? नवरा आहे का तो?"

"काकू, नवरा मिळाला असता. हे अवघड आहे."

तेव्हा जुबेदाला कांबळे सर आठवले. तरुण माणूस. त्यांचा स्वतःचा प्रबंध आमच्याचकडे बांधला होता, आणि गाइड म्हणून मान्यता मिळाल्यावर पेढे द्यायला आले होते. पेढे खाऊन फार दिवस झाले नव्हते, म्हणजे सीटा मोकळ्या असणार. तिनं मला फोन लावायला लावला आणि सगळ्यांना रविवारी सकाळी दुकानात बोलावलं. मी गेलो तर ही स्टोव्हवर कांदेपोहे करतेय.

"हे काय?"

"मुलगी दाखवायची आहे ना, मग पोहे नकोत?"

तर तो कार्यक्रम असा झाला. लिमये बाई स्टुलावर, वैशाली कागदाच्या रिमांवर, कांबळे सर दारात उभे, हातात पोह्यांची बशी. सर अवघडलेले.

"बाई, माझं काम कवितेवर आहे. शेतांच्या नावांतलं मला काय कळतं? मी हिला काय शिकवणार?"

बाई म्हणाल्या, "काही शिकवू नका. शिकवून झालंय. सही करा."

"तसं मी करणार नाही. सही केली तर पान न् पान वाचणार. आणि बाई, तुमचं नाव मुखपृष्ठावर राहिलं पाहिजे. माझं एकट्याचं मी टाकू देणार नाही."

"नियमात बसत नाही ते."

"सह-मार्गदर्शक म्हणून परवानगी मागतो. अर्ज करतो."

"करू नका. मला नावाची हाव नाही."

जुबेदा पोहे वाढत होती. थांबली. म्हणाली, "बाई, तुम्हाला नसेल. तिला आहे. तिच्या तोंडाकडे बघा की."

बाईंनी बघितलं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात पोह्यांचा घास. बाई इतकंच म्हणाल्या, "आधी गिळ तो घास." आणि स्वतःची बशी पुढे केली, अजून पोहे वाढा म्हणून. जुबेदा मला नंतर म्हणाली, स्थळ जमलं.

कांबळे सरांनी खरंच पान न् पान वाचलं. एक अख्खं प्रकरण परत लिहायला लावलं. मग ते बाईंकडे गेलं, बाईंनी ते तिसऱ्यांदा लिहायला लावलं. वैशाली दुकानात येऊन डोकं धरून बसायची. "काकू, आधी गाइड नव्हता. आता दोन सासवा झाल्यात." जुबेदा म्हणायची, "एक सासू असली की घर चालतं, दोन असल्या की सून शिकते." आणि तिला आमच्या जेवणाच्या डब्यातलं काहीतरी खायला द्यायची.

प्रबंध झाला. अर्जाचं उत्तर मात्र येईना. या समितीतून त्या समितीत. इकडे नोंदणीची मुदत संपत आलेली. गुरुवार शेवटचा, त्या दिवशी प्रबंध जमा नाही झाला तर सगळंच वाया. मी म्हटलं, कांबळे सरांचं एकट्याचं नाव टाकून पुठ्ठे तयार करून ठेवू. जुबेदा ऐकेना.

"उद्याचा दिवस आहे ना अजून. आज नुसतं शिवू. नाव शेवटी."

"आणि पत्र नाही आलं तर?"

"तर मग टाका एकच. पण आधीच हार कशाला मानायची? तुमचा स्वभावच तसला."

ती मंगळवारची संध्याकाळ. म्हणून आम्ही पुठ्ठ्याशिवाय नुसत्या चार प्रती शिवत बसलो होतो, जे मी सुरुवातीला सांगितलं.

पहाटे ती उठली, छातीत जड वाटतंय म्हणाली. मुलगा इम्रान गाडी काढायला खाली धावला. तो गाडी दारात आणेपर्यंत ती गेली. यावर मला जास्त लिहायचं नाही. बुधवारी दुपारच्या नमाजानंतर तिला मातीत ठेवलं.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. त्यात वैशाली आणि तिचे दोन्ही गाइड आले. लिमये बाई जमिनीवर सतरंजीवर बसल्या, गुडघे दुखत असताना. वैशाली नुसती रडत होती. प्रबंधाचं नाव कोणी काढेना. मी कांबळे सरांना बाजूला घेतलं.

"पत्र आलं का?"

सर दचकले. "काका, आत्ता ते कशाला..."

"आलं का?"

"काल संध्याकाळी आलं. परवानगी मिळाली. सकाळी दुकानात येऊन सांगणार होतो, तर ही बातमी..."

काल संध्याकाळी. म्हणजे ती बसमध्ये खिडकीशी बसली होती तेव्हा पत्र आलेलं होतं. कोणी एक फोन केला असता तर! पण फोन कशाला करतील, सकाळी सांगू म्हणाले असतील. कोणाचं काही चुकलं नाही. मला तेवढं एक अजून लागतं.

वैशाली पुढे आली. "काका, तुम्ही त्याचा विचार करू नका. मी मुदतवाढ मागते. नाही दिली तर नाही दिली."

मी म्हटलं, "नाही दिली तर काय करशील?"

ती पुन्हा रडायला लागली.

"सकाळी लवकर दुकानात ये. आणि इथं रडायचं तेवढं आत्ताच रडून घे. उद्या वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्रानला म्हटलं, मला दुकानात सोड.

"अब्बा, आज? लोक येतील भेटायला. काय म्हणतील?"

"त्यांना बसव. शेजाऱ्यांनी डबे पाठवलेत, खायला घाल. मी दुपारपर्यंत येतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली घेतली. पोरगा आईवर गेलाय, कुठं वाद घालायचा नाही ते कळतं.

दुकान उघडलं. चार शिवलेल्या प्रती होत्या तिथंच होत्या. पुठ्ठे कापले, रेक्झिन चढवलं. कांबळे सरांचं नाव जुळवलं, त्याखाली बाईंचं. बाईंची ओळ केव्हाच मोडलेली होती, एकेक अक्षर वेगवेगळ्या खणातनं वेचून आणलं. तोवर वैशाली आली, कांबळे सर आले, मागून रिक्षानं बाई आल्या. सरांना मी छापाचा दांडा ओढायला लावला, माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी इतक्या हळू ओढला की अक्षरं उमटलीच नाहीत.

"सर, कविता नाही ती. जोर लावा."

दुसऱ्यांदा नीट उमटलं. प्रती पुठ्ठ्यात चिकटवून शिकंज्यात दाबल्या. बाई घड्याळ बघायला लागल्या.

"हे वाळायला किती वेळ?"

"बाई, तुम्ही घाई करायची नाही. तुम्ही सह आहात. घाई करायचा मान कांबळे सरांचा."

आधी वैशाली हसली, मग सर. मग बाईसुद्धा, तोंडावर पदर धरून. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. आणि मीही हसलो. बायकोला पुरून एक रात्र झालेली आणि मी दुकानात खो खो हसत होतो. कोणाला वाईट वाटलं तर वाटो. ती असती तर सगळ्यात आधी हसली असती, आणि बोळभर सांगून आली असती.

प्रती घेऊन तिघं विद्यापीठात गेली. मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. दुपार व्हायच्या आत वैशालीचा फोन आला. "काका, जमा झाला. पावती मिळाली." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

इम्रान न्यायला आला. मी म्हटलं, आधी कब्रस्तानात घे. तो फाटकाशी थांबला, मी आत गेलो. माती ओलीच होती, तिथला माणूस तिच्यावर पाणी मारत होता. मी सलाम केला, फातेहा म्हटला. मग म्हटलं, "जमा झाला. दोन्ही नावं आहेत."

तो माणूस हातातली बादली खाली ठेवून म्हणाला, "काय म्हणालात चाचा?"

म्हटलं, "तुला नाही. बायकोला सांगतोय."